‘कुठे वाजतं’ नको, ‘कधी वाजतं’ सांगा : जुन्या ओम्नीची खट्-खट् आणि एक नैदानिक चाचणी



आजच्या लेखाचं नाव वाचून काही जण म्हणतील, सरांनी फळा-खडू सोडून गॅरेज कधी उघडलं? तसं काही नाही. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या गाडीच्या एका आवाजाने मला जे शिकवलं ते डी.एड.च्या दोन वर्षांत नीट डोक्यात शिरलं नव्हतं. शिवाय आपल्यातले बरेच जण जुन्या गाड्या वापरतात, मुलांना व्हॅनने शाळेत पाठवतात. त्यांना थेट उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची शाळा सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात आहे. एसटी सकाळी एकच, आणि ती येते तेव्हा परिपाठ संपलेला असतो. म्हणून आम्ही चार शिक्षकांनी वर्गणी काढून एक जुनी ओम्नी घेतली. ओम्नी सगळ्यांना माहीत आहे. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून ती रस्त्यावर आली, १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले आणि २०१९ मध्ये ती बनायची थांबली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि ताकद मात्र मागच्या चाकांना जाते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. ओम्नी, जुनी ॲम्बेसिडर, पद्मिनी, जीप या मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाड्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आवाज दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाला. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की खालून ‘खट्’. घाटात उतारावर ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की ‘खट्’, परत दिला की ‘खट्’. मागे घेताना तर एवढा मोठा, की शाळेच्या व्हरांड्यातली मुलं वळून बघायची. दोन आठवडे आम्ही ‘जुनी गाडी आहे, वाजणारच’ असं म्हणत काढले.

मग गॅरेज. पहिल्या गॅरेजवाल्याने विचारलं, “आवाज कुठून येतो?” आम्ही म्हणालो, मागून. त्याने मागचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच. दुसऱ्याकडे गेलो. त्यानेही तेच विचारलं. तोवर आमच्यातल्या बाईंना तो सीटच्या खालून येतोय असं वाटू लागलं होतं, म्हणून त्याने गिअरबॉक्सचं माउंटिंग बदललं. दोन दिवस आवाज कमी वाटला (पैसे दिले की कमी वाटतोच), तिसऱ्या दिवशी होता तिथेच. तिसरा म्हणाला, “गिअरबॉक्स उतरवायला लागेल, उघडल्यावर कळेल.” एव्हाना साडेसहा हजार रुपये गेले होते आणि हाती काहीच नव्हतं. त्यात आठ दिवसांवर केंद्राच्या क्रीडा स्पर्धा. धावण्याच्या शर्यतीतली सहा मुलं याच गाडीतून घाट उतरून न्यायची, असं पालकांना सांगून ठेवलेलं.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी आमचे मुख्याध्यापक म्हणाले, एकदा जीपवाल्या मिस्त्रींना दाखवू. हे साठी ओलांडलेले मिस्त्री. आयुष्य जीपा आणि टेम्पो दुरुस्त करण्यात गेलेलं. गाडी त्यांच्या दारात उभी केली आणि सवयीने मी सुरुवात केली, “आवाज मागून येतो, म्हणजे मधून, म्हणजे...”

ते म्हणाले, “गुरुजी, कुठं वाजतंय ते ऱ्हाऊ द्या. कधी वाजतंय ते सांगा.”

‘कुठे’ का फसवतं?

याचं उत्तर आपल्याच पुस्तकात आहे. ध्वनी हवेपेक्षा घन पदार्थातून किती तरी वेगाने आणि स्पष्ट जातो. वर्गात करून बघा. एका मुलाला लांब बाकाच्या टोकाला कान टेकवायला सांगा, डोळे मिटून. दुसऱ्याने बाकाच्या खाली कुठेही नखाने टिकटिक करायची आणि पहिल्याने जागा सांगायची. माझ्या वर्गात आवाज आला हे प्रत्येकाने सांगितलं, जागा मात्र बहुतेकांची चुकली. ओम्नी म्हणजे चार चाकांवरचा पत्र्याचा डबा. पुढे झालेला ठोका शाफ्टमधून, पाट्यांमधून, पत्र्यातून फिरतो आणि मागच्या रिकाम्या जागेत घुमतो. आतल्याला वाटतं मागून आला. आम्ही चौघांनी चार जागा सांगितल्या होत्या आणि चौघेही खरंच सांगत होतो.

‘कधी’ मात्र फसवत नाही. पाय कुठल्या पेडलवर होता, गाडी चालू होती की उभी, रस्ता सपाट होता की खड्ड्यांचा, हे आपण नक्की सांगू शकतो.

इथे मला डी.एड.ची ‘नैदानिक चाचणी’ आठवली. परीक्षेपुरती पाठ केलेली व्याख्या : विद्यार्थ्याच्या चुकीचे नेमके स्थान व कारण शोधणारी चाचणी. गेल्या वर्षी चौथीतली एक मुलगी वजाबाकीत सतत चुकायची. मी काय केलं? तिला आणखी पन्नास वजाबाक्या दिल्या. शॉकअप बदलले म्हणा ना. तिची वही नीट पाहिली असती तर दिसलं असतं की ४३२ वजा १५८ तिला बरोबर येत होतं. वरच्या संख्येत शून्य आलं की तेवढ्यातच ती अडायची. ४०२ वजा १५८ मध्ये दशकाच्या घरात शून्य, मग उसनं कुणाकडून घ्यायचं? चूक वजाबाकीत नव्हती, एका विशिष्ट वेळी होती. ते मला तीन महिन्यांनी कळलं. असो, गाडीकडे वळू.

ताकद कुठल्या वाटेने जाते?

निदान करण्याआधी वाट माहीत पाहिजे. इंजिन फिरतं, क्लच त्याला गिअरबॉक्सशी जोडतो. गिअरबॉक्समधून निघतो तो लांब पोकळ दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. तो गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलला मिळतो (आमच्याकडचे मिस्त्री त्या सगळ्या गोळ्याला ‘हौसिंग’ म्हणतात). तिथे एक लहान दातेरी चाक, पिनियन, मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राऊनला फिरवतं. क्राऊन दोन बाजूंच्या ॲक्सलना फिरवतो आणि ॲक्सल चाकांना.

आता अडचण अशी की इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला बांधलेले, तर मागचा ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होणारा. मधला शाफ्ट सरळ ताठ जोडला तर पहिल्याच खड्ड्यात मोडेल. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकता-वाकता फिरू शकणारा जोड असतो. त्याच्या मध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा असतो, म्हणून सगळे त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. क्रॉसच्या चारही टोकांवर छोट्या टोप्या आणि टोप्यांच्या आत सुईसारखे बारीक रूळ, ग्रीसमध्ये भिजलेले. या जोडाचं नाव सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानो या गणितज्ञाशी आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या रॉबर्ट हूकशी जोडलं जातं. हा तोच हूक, ज्याच्या ‘पेशी’ आपण विज्ञानात शिकवतो. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

या सगळ्या साखळीत प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक असतेच. ती वाढली की खट् का वाजतं, हे मैदानावर दाखवता येतं. आठ मुलांना रांगेत उभं करा, एकमेकांचे हात धरायला लावा, पण हात सैल. पहिल्याला पुढे चालायला सांगा. पहिला निघतो, दुसऱ्याला हिसका बसतो, मग तिसऱ्याला, शेवटचा सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जोरात हिसकला जातो. आता पहिल्याला अचानक थांबवा. मागचे पुढच्यांवर आदळतात. तेच हात ताणून धरले तर सगळे एकदम निघतात, हिसका नाही. मालगाडी सुटताना डब्यांमधून जो खड-खड आवाज धावत जातो, तोही असाच.

गाडीत ॲक्सिलेटर दाबला की इंजिन चाकांना ढकलतं. पाय काढला की उलट होतं, धावती चाकं इंजिनला ओढू लागतात. ताकदीची दिशा बदलते त्या क्षणी सांध्यातली सगळी मोकळीक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते आणि लोखंड लोखंडावर आपटतं. खट्.

मिस्त्रींचे प्रश्न

त्यांनी गाडीखाली डोकावलंही नव्हतं. बाकड्यावर बसून प्रश्न विचारत होते आणि मी पहिलीतल्या पोरासारखा उत्तरं देत होतो.

“गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. रेस दिल्यावर वाजतं?” नाही. मग इंजिनच्या आतलं काही नाही, सायलेन्सरचा पाईप आपटत नाही. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये शाफ्ट फिरतच नाही, त्यामुळे तेव्हा वाजलं असतं तर मागचं सगळं निर्दोष ठरलं असतं. एका प्रश्नात गाडीचे दोन भाग पडले.

“खड्ड्यातून जाताना, पाय कशावरही नसताना वाजतं?” नाही. मग शॉकअप, त्याचे बुश, पाट्यांच्या टोकांचे शॅकल यांच्यावर संशय नाही. (म्हणजे आमचे पहिले पैसे ज्या दिवशी दिले त्याच दिवशी फुकट गेले होते. हा प्रश्न तेव्हा कुणीच, आम्हीसुद्धा, विचारला नाही.)

“फक्त वळणावर वाजतं?” नाही. वळणावरच वाजलं असतं तर डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर पाहावे लागले असते, कारण गाडी सरळ जाताना ते आपापसात जवळजवळ फिरत नाहीत. वळताना बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरतं तेव्हाच त्यांना खरं काम असतं.

“वेग वाढला की ‘घूंऽऽ’ असा सूर येतो? पाय दिल्यावर एक, काढल्यावर दुसरा?” नाही. तसा सूर क्राऊन-पिनियनच्या दातांकडे बोट दाखवतो.

“सुटताना, पाय काढताना-देताना, रिव्हर्स टाकताना. तेव्हाच ना? आणि दर वेळी एकच?” हो! अगदी तसंच.

“अजून काही? सावकाश जाताना चिमणी चिवचिवल्यागत?” मी थांबलो. खरंच की. सकाळी थंडीत, वस्तीतून हळू जाताना ‘चीं-चीं-चीं’ यायचं, वेगाबरोबर जलद व्हायचं. आम्ही त्याला ब्रेकचा आवाज समजलो होतो आणि कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण तो ‘वेगळा’ आवाज होता.

मिस्त्री उठले. पण थेट क्रॉसवर गेले नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाले, सुटताना एकदाच खट् म्हणजे चार चोर असू शकतात : इंजिन-गिअरबॉक्सचं माउंटिंग, शाफ्टचे क्रॉस, हौसिंगमधली मोकळीक आणि पाट्यांना ॲक्सलशी आवळणारे यू-बोल्ट. माउंटिंग नुकतंच बदललंय. राहिले तीन. चिवचिवीमुळे संशय क्रॉसवर जास्त, पण संशय म्हणजे पुरावा नाही.

हलवून पाहणे

इथे एक गोष्ट ठळकपणे लिहितो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी भक्कम घोड्यांवर किंवा गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर हवी, इंजिन बंद, किल्ली खिशात, चाकांना पुढून-मागून दगड. फिरत्या शाफ्टजवळ हात, मफलर, ओढणी काहीही नको. मुलांना हा भाग लांबून आणि चित्रानेच दाखवावा.

आमची गाडी खड्ड्यावर घेतली. हँडब्रेक ओढलेला, त्यामुळे मागची चाकं धरलेली. गिअर न्यूट्रल. आधी त्यांनी यू-बोल्टच्या नटांना पान्हा लावून पाहिला, घट्ट. पाट्यांवर यू-बोल्टजवळ चकचकीत घासलेली रेघही नव्हती. बोल्ट सैल असले की तिथलं लोखंड घासून चमकतं.

मग शाफ्ट हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवला. थोडा हलला, ‘टुक’ असा मऊ आवाज. मी म्हणालो, हौसिंग गेलं! ते हसले. “एवढं चालतंय, गुरुजी.” का चालतं तेही सांगितलं. क्राऊनच्या आणि पिनियनच्या दातांत थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर तापल्यावर ते जॅम होतील. आणि क्राऊन एकदा फिरायला शाफ्टला चार-पाच वेळा फिरावं लागतं, म्हणून हौसिंगमधली बारीकशी मोकळीक शाफ्टवर चार-पाच पट मोठी होऊन दिसते. नवखा माणूस ती पाहून घाबरतो आणि हौसिंग उघडायला लावतो.

क्रॉसचा नियम वेगळा. तिथे डोळ्याला दिसेल अशी मोकळीक चालतच नाही. जोडाच्या अलीकडचा भाग एका हातात, पलीकडचा दुसऱ्या हातात धरायचा आणि उलट दिशेने पिळायचं. मग वर-खाली दाबून पाहायचं. मागचा क्रॉस पिळला, घट्ट. पुढचा, गिअरबॉक्सकडचा, पिळला. एक हात थांबलेला असताना दुसरा हात हलत होता. दिवा जवळ नेला तर एका टोपीभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली. ग्रीस संपून सुयांचा गंज झालेला. चिवचिव करणारी चिमणी ती.

शाफ्ट काढण्याआधी त्यांनी मागच्या फ्लँजवर आणि शाफ्टवर खडूने एकच रेघ मारली, म्हणजे बसवताना होता तसाच बसेल आणि तोल बिघडून वेगात थरथर येणार नाही. (खडू माझ्याच खिशातला. शिक्षकाच्या खिशात तो असतोच.) क्रॉस बाहेर काढला. चारपैकी एका टोपीत सुया नव्हत्याच म्हणायच्या, नुसता चुरा. क्रॉसच्या त्या टोकावर नखाला लागतील अशा खोल खाचा पडलेल्या.

मी सहज विचारलं, असाच चालवला असता तर? मिस्त्री काम थांबवून म्हणाले, “मागचा तुटला तर शाफ्ट मागं घासत येतो, गाडी थांबते. पुढचा तुटला तर शाफ्टचं पुढचं तोंड रस्त्यावर पडतं आणि गाडी त्याच्यावर चढते. भाल्यागत.” क्षणभर मला घाट, सहा मुलं आणि आमची ‘जुनी गाडी आहे, वाजणारच’ ही बेफिकिरी असं सगळं एकदम दिसलं. घरी सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

दोष गाडीचा नव्हता, हेही स्पष्ट सांगतो. वीस वर्षांची गाडी, दर पावसाळ्यात आम्ही ती ओढ्याच्या फरशीवरच्या पाण्यातून घालायचो. इंजिन ऑइल वेळेवर बदललं, पण शाफ्टकडे चौघांपैकी एकानेही कधी वाकून पाहिलं नाही. बाजारात मिळणाऱ्या काही क्रॉसना ग्रीस भरायचं निप्पल असतं, काहींना नसतं. आम्ही निप्पलवाला बसवला. मिस्त्रींनी दोन्ही क्रॉस बदलले, कारण दुसऱ्याचंही वय तेवढंच. सामान आणि मजुरी मिळून खर्च आला तो पहिल्या गॅरेजच्या शॉकअपपेक्षा कमी. गिअरबॉक्स न उघडता अर्ध्या दिवसात गाडी रस्त्यावर. क्लच सोडला, काही नाही. रिव्हर्स टाकला, हौसिंगचा तो हलका ‘टुक’ तेवढा.

चालण्याच्या वेगाचं गणित

आमचा आवाज ‘एकदाच’ होता. पण पुष्कळदा आवाज गाडीबरोबर सतत चालतो, टक-टक-टक. तिथे पाचवी-सहावीचं गुणोत्तर कामाला येतं. मी हे नंतर मुलांबरोबर मैदानावर केलं.

टायरवर खडूने खूण केली, इंजिन बंद ठेवून आम्ही शिक्षकांनी गाडी ढकलली आणि एका फेरीत किती अंतर कापलं ते मुलांनी टेपने मोजलं. आमच्या टायरचं उत्तर आलं १६५ सेंमी. आता गाडी ताशी ६ किमी, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, जात असेल तर एका सेकंदात किती? ६००० मीटर भागिले ३६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ १.६७ मीटर. म्हणजे चाकाची सेकंदाला साधारण एक फेरी. आणि शाफ्ट? तो चाकाच्या चार-पाच पट फिरतो, म्हणजे सेकंदाला चार-पाच फेऱ्या.

झालं की निदान. चालण्याच्या वेगाला सेकंदाला एक ठोका पडत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या गोष्टीत : टायरमध्ये अडकलेला खडा, ब्रेकचा ड्रम, बेअरिंग किंवा सैल झालेले चाकाचे नट. नट सगळ्यात आधी पाहा, लगेच, गाडी जागीच थांबवून. सेकंदाला चार-पाच बारीक ठोके असतील तर शाफ्टकडे वळा. ताशी २० किमीला मात्र चाकच सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा फिरतं आणि शाफ्टच्या फेऱ्या कानाला मोजताच येत नाहीत. म्हणून आवाज ऐकायचा तो सावकाश, खिडक्या उघड्या, रेडिओ बंद.

शाफ्टचं नेमकं प्रमाण मिस्त्रींनी मोजून दाखवलं. मागचं एकच चाक घोडीवर उचललेलं, दुसरं जमिनीवर दगड लावून, न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेलं चाक पूर्ण दोन वेळा फिरवायचं आणि शाफ्टवरची खडूची रेघ किती वेळा वर आली ते मोजायचं. दोन वेळा का? एक चाक थांबलेलं असताना डिफरन्शियलमुळे क्राऊन उचललेल्या चाकाच्या निम्माच फिरतो. आमचं उत्तर पाचाच्या थोडं वर आलं. ही ‘निम्मा’ची गंमत सातवीच्या मुलांना सांगून पाहिली, दोघांना लगेच कळली. मला स्वतःला दोन दिवस लागले होते.

आणखी एक सावधगिरी. गाडी धावत असताना क्लच दाबून ऐकणं ही चांगली चाचणी आहे. आवाज बंद झाला तर तो ताकदीशी जोडलेला, तसाच राहिला तर चाकांबरोबर फिरणाऱ्या भागांचा. पण ती सपाट, रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात. घाटात उतारावर न्यूट्रल किंवा क्लच दाबून अजिबात नाही. आणि न्यूट्रलमध्येही धावत्या गाडीचा शाफ्ट फिरतच असतो, कारण चाकं त्याला फिरवतात. त्यामुळे ‘न्यूट्रलमध्ये वाजलं म्हणजे शाफ्ट नाही’ असा चटकन निष्कर्ष काढू नका. तो फक्त उभ्या गाडीला लागू.

पालकांसाठी एक. तुमचं मूल ज्या व्हॅनने येतं ती सकाळी दारात थांबते, सुटते. सुटताना दर वेळी खालून खट् ऐकू आलं तर व्हॅनवाल्या काकांना रागावू नका, पण सांगा जरूर. त्यांना त्या आवाजाची इतकी सवय झालेली असते की तो त्यांना ऐकूच येत नाही. आम्हालाही येत नव्हता. आणि ‘गाडी वाजते’ एवढंच सांगू नका. ‘सुटताना एकदाच वाजते, खड्ड्यात वाजत नाही’ असं सांगा. अशी दोन वाक्यं गॅरेजमध्ये सांगितली की मिस्त्रीचा अर्धा तास वाचतो आणि तुमच्या काकांचे शॉकअप.

क्रीडा स्पर्धांना मुलं वेळेवर पोचली. सहापैकी एकीला चारशे मीटरमध्ये दुसरा नंबर मिळाला. परत येताना घाट चढून आलो, वस्तीजवळ रस्ता उखडलेला आहे तिथे मागून ‘खड्’ असा आवाज आला. माझा पाय आपोआप ब्रेकवर. मागच्या सीटवरून पाचवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, ह्यो दुसरा हाय. खड्ड्यातच वाजतोय. क्लच दाबून बघा.” ती तेवढी जागा सपाट होती. दाबून पाहिला, तरी पुढच्या खड्ड्यात वाजलाच. सोमवारी मिस्त्रींना फोनवर त्याचंच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “शॅकलचा बुश असंल. या सवडीनं.” उजव्या बाजूचा निघाला.